ताकदीच्या गोळ्या

ताई : ...ते सलाईन बघू नकोस, माझ्याकडे बघ. कधीपासून पितोस? डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, तरी तोंड उघडत नाहीस.

भाऊ : थेंबसुद्धा नाही गं, ताई.

ताई : तीन वेळा तुझं कपाट उपसलं मी. गिऱ्हाइकांचं शिवण बाजूला टाकून बाटल्या शोधत बसले.

भाऊ : सापडली एक तरी?

ताई : नाही. मग लिव्हर काय आपोआप बिघडलं?

भाऊ : ती पांढरी बाटली आठवते? ताकदीच्या गोळ्यांची?

ताई : न आठवायला काय झालं? आपले नेहमीचे डॉक्टर म्हणाले होते, लिव्हरला जरा सूज आहे, टॉनिकबिनिक बंद करा. मीच ओतल्या त्या कचऱ्यात. तुझ्यादेखत.

भाऊ : त्या ताकदीच्या नव्हत्या. एचआयव्हीच्या होत्या.

ताई : काय?

भाऊ : नऊ वर्षं झाली. शिवाय काविळीचा विषाणूही आहे अंगात. त्याच गोळ्या दोघांना दाबून ठेवायच्या. दीड महिना गोळी पोटात नाही, मग तो काविळीचा उसळला आणि लिव्हरवर बसला. इथल्या डॉक्टरांनी आज समजावलं.

ताई : म्हणजे माझ्या हातानं... आणि तू समोर उभा राहून बघत होतास?

भाऊ : वाटलं, गुपचूप दुसऱ्या आणीन. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो.

ताई : आईमागे मी वाढवलं तुला. मला सांगायला जीभ रेटली नाही?

भाऊ : तुझ्याकडे काज-बटणं करायला एक बाई यायची ना? तिला हाच आजार आहे असं कळलं, त्या दिवशी तू तिचा कप फेकलास.

ताई : तो फुटला होता.

भाऊ : नव्हता. मी कचऱ्यातून काढून पाहिला होता.

ताई : मग तेव्हाच भांडायचं होतंस! चुकले होते मी, तोंडावर सांगायचं! त्याऐवजी मुकाट मरायला निघालास, तेही माझ्या हातून? परक्यानंही असा दगा दिला नसता रे.

भाऊ : गोळ्या पुन्हा सुरू केल्यात, ताई. लिव्हर सावरेल कदाचित, म्हणाले. ते पाकीट दे ना.

(ती पाकीट उचलते आणि पिशवीत चष्मा शोधू लागते.)

भाऊ : अगं, तीच आहे. पांढरी, लांबट.

ताई : गप्प बस. आधी नाव वाचू दे. तुझ्या शब्दावर आता मी साधं पाणीसुद्धा पाजणार नाही तुला.