हरेश्वरला मासा द्यायची स्पॅनिश

रेवसच्या धक्क्यावर लाँचसाठी उभ्या असलेल्या ठमीनं कान टवकारले. पुढे एक खलाशी बायकोला स्पॅनिश शिकवत होता.

"बोल, 'ले दोय पेस्कादो आ हरेश्वर.' मी त्याला मासा देते, हरेश्वरला."

"'ले' म्हंजे त्यांना ना? मंग परत नाव कशाला?"

"तिकरच्या बायका दोन्ही बोलतान."

"नवऱ्याचं नाव घेतान? निलाजऱ्या!"

"परक्या भाषेत घेतलंस तं कुनाला कलनार हाय?"

"एकवीरेला कलंल."

"बरं, निस्तं 'ले' बोल."

"ले."

लाँच सुटायला आली, तरी नवरा धक्क्यावरच गप्पा हाणत राहिला.

"अवो!" बायको लाँचमधून ओरडली. धक्क्यावरचे सगळे बाप्ये वळले.

"ओ ले!"

एकटा हरेश्वर धावत सुटला.

ठमीनं आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"आजपासनं तुमी पेस्कादो."