वैलावर काय ठेवायचं?

...आणि वर हा कालचा पोट्टा मलाच म्हणतो, "काका, तुम्ही टाळ-वीणावाली माणसं, तुम्ही विज्ञानाचे विरोधक!" मी? विज्ञानाचा विरोधक? अहो महाराज, तुम्हाला सांगतो, हा मुलगा पाळण्यात अंगठा चोखत होता तेव्हा, सेलूपासून कोसभर आत असलेल्या आमच्या गावात विज्ञान आलं ना, ते कोणाच्या घरी उतरलं? ग्रामपंचायतीत? शाळेत? छे! ह्या किसनरावाच्या स्वयंपाकघरात उतरलं, पाटावर बसलं, आणि वर्षभर हललं नाही! त्याची मी पूजा केली, त्याला नैवेद्य दाखवला, त्याच्यापायी उन्हाळ्यात कढत पाण्याने तीन तीन वेळा स्नान केलं... आणि मी विरोधक! विज्ञान खरंच होतं हो. त्यात तसूभर खोट नव्हती. प्रश्न एवढाच होता, वैलावर काय ठेवायचं?

हसू नका. वैल म्हणजे ठाऊक आहे ना? चुलीला असतं ते दुसरं, धाकटं तोंड. थोरल्या तोंडावर भाकरी, धाकट्यावर वरण. आता तुमच्या घरात निळ्या ज्योतीचा गॅस आला, तुम्हाला चूल कुठली आणि वैल कुठला! पण काय दिवस होते ते... आणीबाणी उठून गेली होती, गावात वीज आली होती आणि बहुतेक वेळ गेलेलीच असायची. पहाटे काकड्याला निघालो की घराघराच्या कवेलूंमधून, म्हणजे छपराच्या कौलांमधून, धूर झिरपत असायचा, कपाशीच्या पळाटीचा, गोवऱ्यांचा. दुरून वाटायचं, सगळं गाव देवापुढे धूप घालून बसलंय. किती सात्त्विक दृश्य! मी तर डोळे मिटून हात जोडायचो. बाहेरून पाहणाऱ्याला धूर सात्त्विकच दिसतो, महाराज. आत बसलेल्याला विचारा.

आत बसलेली म्हणजे आमच्या जयवंताबाई. माझी धर्मपत्नी. मी हरिपाठ मंडळाचा वीणेकरी, गळ्यात वीणा आहे म्हणून लोक मला मान देतात, पण गळा होता तो तिचा. गौळण उचलली की चंद्रभानचा मृदंग आपोआप हलका पडायचा. चंद्रभान म्हणजे आमचा मृदंगी, हात असा जड की मारुतीरायाचा शेंदूर हलावा, पण तिच्या गौळणीला तो बोटांच्या टोकांनी वाजवायचा. आणि त्याच बाईला खोकला लागला. चुलीपुढे फुंकणी तोंडाला लावून लावून छाती धुराने भरली. एका सप्ताहात काल्याच्या आदल्या दिवशी तिने गौळण उचलली, पहिलं चरण झालं, दुसऱ्याला जी उबळ आली... पदर तोंडाला लावून बाई देवळाबाहेर गेली, ती पुन्हा आत आली नाही. घरी येऊन मला म्हणाली, "आता मले गायले सांगू नका जी. देवासमोर खोकलत बसू का मी?" एवढंच. त्यानंतर ओवीसुद्धा नाही. जातं फिरायचं, पण मुकं.

मी सेलूच्या नानाजी वैद्यांना आणलं. त्यांनी नाडी पाहिली, चाटण दिलं आणि म्हणाले, "बाई, धूर सोडा."

ती म्हणाली, "सोडू कसा जी? थो का बिडी आहे?"

वैद्यांनी बटवा आवरला! अहो, त्यांचं सोडा, माझं घ्या. इतकी वर्षं 'सर्व संगांचा त्याग करा' असं लोकांना सांगत आलो, पण चुलीचा संग कसा सोडायचा हे कोणत्या कीर्तनात सांगितलंय?

अशा वेळी, तुम्हाला सांगतो, भैयाजी आले. वर्ध्याकडच्या एका संस्थेचे. सडसडीत, खादीचा सदरा, सायकलला पत्र्याची नळकांडी बांधलेली. शाळेच्या ओट्यावर उभे राहून म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो, ही निर्धूर चूल! तत्त्व समजून घ्या. जाळ थोरल्या तोंडाखाली. तिथली ऊन हवा आतल्या बोगद्यातून वैलाखाली जाते, वैलाखालून नळकांड्यात, आणि नळकांड्यातून कवेलूंच्या वर! लाकूड कमी, धूर बाहेर, डोळे निरोगी!" सगळे ऐकून घरी गेले. छपराला भोक कोण पाडून घेणार? मी मात्र उभा राहिलो. म्हटलं, भैयाजी, आधी माझं छप्पर.

माती मळली, भुसा घातला, चूल उभी राहिली. मी मुहूर्त काढला, हळद-कुंकू वाहिलं. भैयाजी जेवायला होते, म्हणून एका तोंडावर भात आणि वैलावर वरण. जाळ पेटला आणि काय सांगू... घरात धूर नाही! मी अंगणात धावलो, तर नळकांड्यातून धूर असा सरळ वर, देवळाच्या पताकेसारखा! जयवंताबाई आतून म्हणाली, "अगं बाई, भिंत दिसून राह्यली मले!" एवढ्या वर्षांत तिला स्वतःच्या स्वयंपाकघराची पलीकडची भिंत पहिल्यांदा स्वच्छ दिसली. भिंत काळी होती, ती गोष्ट वेगळी.

भैयाजी सायकलवर बसून वेशीबाहेर गेले आणि संध्याकाळी घरात धूर! पहिल्यापेक्षा जास्त! भैयाजींना निरोप धाडला. ते आले, जेवायला थांबले, चूल पेटली, धूर नाही. ते गेले, धूर. पुन्हा आले, धूर नाही. पुन्हा गेले, धूर! चंद्रभान म्हणाला, "किसनराव, चूल पावण्यायले लाजून राह्यली." गावात हसू झालं. आणि जयवंताबाईचा खोकला? तो काही पाहुण्यांना लाजत नव्हता. रात्र रात्र बसून काढायची. मी पाठीवरून हात फिरवायचो आणि मनात विठ्ठलाला म्हणायचो, देवा, माझी वीणा ने, पण तिचा गळा ठेव.

शेवटी भैयाजी एकदा न सांगता आले. जेवायचं नाही म्हणाले. नुसते दारात बसून पाहत राहिले. जयवंताबाई थोरल्या तोंडावर भाकरी भाजत होती आणि वैल उघडा! त्या उघड्या तोंडातून धूर भसाभसा! भैयाजींनी कपाळावर हात मारला. "काकू! वैल उघडा ठेवला तर धूर नळकांड्यात जाईल कशाला? पाहुणे असले की तुम्ही दोन पदार्थ करता, म्हणून चालते. एरवी त्यावर काहीतरी ठेवत जा!"

"काय ठेवू जी? घरात दोनच माणसं. भाकरी अन् ठेचा."

"मग रिकामं भांडं ठेवा ना!"

महाराज... जयवंताबाईने भाकरी उतरवली, पदर सावरला, आणि भैयाजींना म्हणाली, "भाऊ, तुमी जेवलेल्या घरी असं बोलता? जित्या चुलीवर रिकामं भांडं? घरात कोनी मेलं का आमच्या?"

तुम्हाला आजकालच्यांना ठाऊक नसेल, पण आमच्याकडे पेटत्या चुलीवर रिकामं भांडं ठेवत नाहीत. घराचं अन्न उठतं म्हणतात. भैयाजी म्हणाले, "काकू, ही अंधश्रद्धा आहे." ती म्हणाली, "असन. पन चूल माही आहे." ते म्हणाले, "बरं, मातीचं झाकण बसवू." ती म्हणाली, "चुलीचं तोंड बुजवता? काऊन, तिनं काय पाप केलं?" शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहिलं. शास्त्र काय म्हणतं? मी सगळ्या पोथ्या खाली काढल्या. चार दिवस वाचत बसलो. ब्रह्म सापडलं, माया सापडली, चौऱ्याऐंशी लक्ष योनी सापडल्या... वैल नाही! एकाही ऋषीने वैलावर काय ठेवायचं हे लिहून ठेवलेलं नाही!

जयवंताबाई म्हणाली, "पोथीतलं राहू द्या, आता चुलीतलं बोला. भरलेलं भांडं ठेवतो न मी. फक्त काय भरू थे सांगा."

साधा प्रश्न. आणि तिथून, महाराज, आमच्या प्रपंचाची साडेसाती सुरू झाली! आधी पाणी ठेवलं. भाकरी होईपर्यंत हंडाभर पाणी कढत. आता त्याचं करायचं काय? फेकायचं? सरपण जाळून तापवलेलं? "आंघोळ करून घ्या जी." सकाळी आंघोळ. दुपारी, "पानी तापलं जी." संध्याकाळी, "वाया चाललं जी." वर्ध्याचा वैशाख, बाहेर उंबऱ्यावर पाय ठेवला तर तळवा भाजतो, आणि मी आत कढत पाण्याने सोवळा होतोय! गावातला माणूस विचारायचा, "किसनराव, ग्रहन लागलं का?" मग तुरीचं वरण ठेवलं. दोन माणसांना दोन्ही वेळा तपेलंभर वरण! मग आंबील. मग शेंगा. मला कीर्तनात निरूपण सुचेना, सगळीकडे एकच प्रश्न दिसायचा, वैलावर काय ठेवायचं?

आणि धूर गेल्यावर काय काय गेलं ते तर पुढेच कळलं. चुलीवरच्या आढ्याला आम्ही ज्वारीची कणसं बांधायचो, बियाण्याची. धुराने काळी व्हायची, पण किडा शिवायचा नाही. त्या वर्षी टोके लागले, दाणा दाणा पोखरला! भैयाजींना सांगितलं, तर ते खाली बसले, कणीस हातावर चोळू लागले आणि म्हणाले, "हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं, काका." पुढच्या खेपेला कडुलिंबाचा पाला आणि राख घालून बियाणं कसं राखायचं ते शिकून आले. मला तो माणूस तेव्हा आवडला. चूक झाली म्हणायला त्याला पोथी लागली नाही.

शेवटी वैलाला तोड निघाली ती चहाची. किटली भरून ठेवायची, आटला की पाणी घालायचं, फिका झाला की पत्ती. झालं! गावात वार्ता पसरली की किसनरावांकडे चहा अखंड असतो, नामासारखा. चंद्रभान मृदंगाला लावायची कणीक मागायच्या निमित्ताने यायचा. त्याची बायको रुख्माबाई त्याला शोधायला यायची आणि स्वतः बसायची. बायका चुलीभोवती बसून पाहायच्या, "वो माय, डोये चुरचुरत नाई न!" अन् मग घरी जाऊन छपराला भोक पाडून घ्यायच्या. बघता बघता आमच्या आळीत सगळीकडे नळकांडी उभी राहिली, आणि भैयाजी जयवंताबाईला चूल शिकवायला गावोगाव सोबत नेऊ लागले. मीही जायचो, किटली धरायला.

रोहण्याच्या पलीकडे गोंडांची एक वस्ती होती. तिथली धुरपता चूल घालायला इतकी तरबेज झाली की पुढे आजूबाजूच्या गावांत तिलाच बोलावणं यायचं, त्यावर तिचं घर चालायचं. तिथे पहिल्या दिवशी भैयाजींनी विचारलं, "धुरपताबाई, तुम्ही वैलावर काय ठेवणार?" ती म्हणाली, "मोहफुलं." भैयाजींचा चेहरा पडला! जिल्ह्यात दारूबंदी, अंगात खादी, आणि वैलावर मोहफुलं! ते चाचरत म्हणाले, "बाई, ते... म्हणजे... कशासाठी?" धुरपता कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन भाऊ, मोह म्हटलं का तुमाले तेच आठवते? पोट्ट्यायले खायाले शिजवतो आमी! बसा, तुमीबी खाऊन पाहा." आणि भैयाजींनी खाल्ली. गोड लागली म्हणाले. आता कुठे असतील ते, कोण जाणे. अशी माणसं सायकलवर बसून यायची हो, आणि विज्ञान शिकवता शिकवता पंगतीला बसायची...

हां, तर मूळ गोष्ट. सप्ताह आला. जयवंताबाईचा खोकला उतरला होता, पण गा म्हणायची माझी हिंमत नव्हती. काल्याच्या आदल्या रात्री गौळणीची वेळ आली, कोणी उचलेना. मी वीणा धरून खाली पाहत उभा. आणि बायकांच्या बाजूने, अगदी मागून, तिने पहिलं चरण उचललं. दुसरं आलं... माझे हात वीणेवर थांबले. चंद्रभानचे मृदंगावर थांबले. दुसरं गेलं! तिसरं गेलं! ध्रुपदावर परत आली, पुन्हा वर गेली, शेवटचा सूर इतका लांबवला की पुजाऱ्याच्या हातातली आरती तशीच जळत राहिली. खोकला नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि देवळात धूर कुठे होता, महाराज?

घरी आलो. मी म्हटलं, जयवंता, आज देवाने ऐकलं. ती म्हणाली, "देवानं ऐकलं, आता तुमी ऐका." आणि बोलायला लागली. लग्नात माझ्या आत्याने काय म्हटलं होतं इथपासून! एवढी वर्षं ती मला रागवायला लागली की दोन वाक्यांत उबळ यायची, मी पाणी आणून द्यायचो आणि विषय तिथेच संपायचा. मला वाटायचं, बाई क्षमाशील आहे! ती क्षमाशील नव्हती हो, तिला धाप लागत होती!

आता गळा मोकळा झालाय. रोज एक अध्याय असतो. मी समोर पाटावर बसतो, वैलावरचा चहा घेतो, आणि हात जोडून फलश्रुतीपर्यंत ऐकतो... आणि तो पोट्टा मला विज्ञानाचा विरोधक म्हणतो!