शोधनिबंधातला हात

नाव छापून आल्यावर कसं वाटतं, विचारलंत ना? सांगतो.

आमच्या भाताच्या शोधनिबंधाला सात लेखक. त्यातल्या पाच जणांनी ते शेत अजून पाहिलेलं नाही. शेत म्हसा गावाजवळच्या हिराबाईंचं, बियाणं त्यांच्या सासूने जपलेलं. लावणीपासून फुलोऱ्यापर्यंतचा एकेक दिवस त्यांनी भिंतीवर कोळशाने रेघ ओढून ठेवला होता. मी त्या रेघा मोजून तक्ता केला. माझं नाव चौथं, त्यांचं कुठेच नाही.

तरी मी मोठ्या हौसेने प्रत द्यायला गेलो. त्यांच्या सुनेने नावं वाचून दाखवली. हिराबाई म्हणाल्या, "एवढी माणसं राबली आमच्या शेतात? जेवायला तर मी तुमा एकट्यालाच वाढलं."

मी हसून पान उलटलं. तिथे लोंबी धरलेल्या हाताचा फोटो होता. मी काढला तेव्हा त्यात हिराबाई पूर्ण होत्या. छापायच्या वेळी, यादीत पहिलं नाव असलेले आमचे मोठे सर म्हणाले, "लोंबी दिसू दे, बाई कशाला?" फोटो कापला मीच.

विळ्याचा वण बघून हिराबाईंनी हात लगेच ओळखला. खूश होऊन सुनेला दाखवला. मग कागद मागूनपुढून बघत मला म्हणाल्या, "हात माझाच हाय, सायेब. बाकीची मी कुठं गेले?"