रेकॉर्ड प्लेअरची दांडी

मिक्सर घेऊन खामगावच्या दुरुस्तीच्या दुकानात थांबलो होतो. पुढं एक म्हातारं जोडपं होतं. बाई काठी धरून स्टुलावर बसलेल्या.

"भाऊ, रेकॉर्ड संपली का सुईची दांडी आपोआप उठून मांगं जाले पाह्यजे. ते जातच नाही."

"कवापासून, काका?"

"झाले असतीन वीस वर्षं."

"मंग आजच काऊन आणला?"

"आजवर हीच उठून दांडी उचले."

"अन् आता?"

"हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिन्यापासून मलेच उठा लागून राह्यलं."

"आतली स्प्रिंग निसटली, काका. दहा मिनिटात बसवतो."

"नका बसवू, भाऊ. तसाच द्या बांधून."

"काऊन, काकू?"

"मले गाणे लय आवडतात. अन् डॉक्टरनं अजून तीन महिने बसून राहाले सांगतलं."