सरावाचा बोगदा

हलू नकोस, भुवईची कातडी वरून ताणून धर — हां, अशी — आणि काय म्हणालीस? आमचा विश्राम? हार्बरवर? छे गं, दुसरा कोणीतरी असेल. वॉलॉंगॉंगमध्ये टक्कल पडलेले इंडियन काय कमी आहेत? त्या वेळी तो खाणीत असतो, पार जमिनीखाली, तिथे फोनसुद्धा नेता येत नाही. आणि तू त्याला गणपतीत एकदाच भेटलीस, तेव्हा तो झब्ब्यात होता. कामाच्या त्या केशरी शर्टात सगळे सारखेच दिसतात. काय? रोज? रोज बघतेस, बाळाला प्रॅममधून फिरवताना? बरं. हात केलास आणि त्याने ओळख दिली नाही — बघ, म्हणजे तो नव्हेच. विश्राम असं कधी करायचा नाही.

दुखलं? सॉरी, सॉरी. थांब, दोरा बदलते. मी दोरा मानेला बांधते, बाकीच्या बायका दातात धरतात — दातात धरला तर मी बोलणार कशी, सांग! डोळे मीट. आणि ऐक, मिताली — हे तू कुणाला बोललीस का? मंडळाच्या ग्रुपवर वगैरे? नाही ना? नको बोलूस. म्हणजे बोलण्यासारखं काही नाहीच, पण लोक उगाच... नको बोलूस.

तोच आहे गं. बोटी लागतात तिथल्या बाकावर, शेवटच्या. माहितीये मला.

कसं कळलं म्हणजे? मी कपडे धुते ना त्याचे! खाणीतल्या माणसाचे कपडे — कॉलर काळी, बाह्या काळ्या, मशीन दोनदा लावायला लागायचं, आणि तरी उशीच्या अभ्र्यावर डाग. मग त्याची आगीनंतरची आजारपणाची रजा संपली, म्हणाला, आजपासून परत कामावर, डबा दे. दिला. संध्याकाळी आला, कपडे बास्केटमध्ये टाकले — मी उचलले तर नुसता समुद्राचा वास. दुसऱ्या दिवशी तेच. आमचा रुद्र — त्याला काय कळतंय — जेवताना म्हणाला, "मम, डॅड डझन्ट स्मेल लाइक वर्क एनीमोर." विश्रामने मान वर केली नाही. मी म्हटलं, गप जेव. आणि मी धुते रोज ते कपडे. स्वच्छ कपडे परत धुते, वाळत घालते. बोलणार काय? तू बोलली असतीस?

खाणीतल्या आगीचं तुला माहीत नसेल, तू तेव्हा तिकडे लांब स्कोफिल्ड्सला राहायचीस. सांगायला हवं म्हणजे आधी लिऊ सांगायला हवा, आणि लिऊ म्हटलं की शुझोऊ. विश्राम शिकला तिथे — चीनमध्ये, खाणीचं सरकारी विद्यापीठ आहे मोठं. त्याचे वडील चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत, इकडची फी कुठली परवडायला, तिकडची स्कॉलरशिप मिळाली. आमच्या ठाण्यात सगळे विचारायचे, जावई चीनला काय डॉक्टरकी शिकतो का? — नाही, खाण! — तोंडं बघायची होतीस तू. लग्न झाल्यावर मीही गेले, आम्हाला क्वार्टर्स होत्या. थंडी म्हणजे, नाकातलं पाणी गोठायचं. पण काय सांगू तुला, माझे चांगले दिवस ते. भाजीवाल्या बाईशी घासाघीस करत करत चिनी शिकले मी. कोर्स नाही, क्लास नाही. विश्रामला वाटतं, मला फक्त कोबी आणि किती पैसे एवढंच येतं.

लिऊ त्याचा वर्गातला जोडीदार. हसरा, जाडजूड, आमच्याकडे येऊन वरणभात ओरपायचा. आणि त्यांचे ग्वो सर — त्यांच्या डिपार्टमेंटच्या मागे सरावाचा एक बोगदा होता, खोटी खाण म्हण. पोरांना आत न्यायचे, दिवे घालवायचे आणि धूर सोडायचे. तोंडात श्वासाची नळी, त्यामुळे बोलता येत नाही — एक हात भिंतीवरच्या दोरीला, दुसरा पुढच्याच्या खांद्यावर, आणि चालत राहायचं. थांबायचं नाही. कुणी थांबला की ग्वो सर दिवे लावायचे आणि ओरडायचे — तू मागच्या सगळ्यांना मारलंस! परत पहिल्यापासून! विश्राम पुढे, लिऊ त्याच्या मागे. नेहमी. पुढे इकडे वॉलॉंगॉंगला नोकऱ्यासुद्धा एकाच खाणीत लागल्या, काय योग म्हणायचा.

तर इथे कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याला आग लागली. आत धूर. हे दोघं आणि त्यांची काही माणसं. विश्राम पुढे — हो, तसाच — लिऊचा हात खांद्यावर. चालताना मध्येच तो हात गेला. आणि विश्राम चालत राहिला. कारण तेच शिकवलेलं ना! थांबला असता तर पुढचं मागचं सगळं अडकलं असतं, दोरी सुटली असती, मलाही कळतं ते. बाहेर उजेडात येऊन मागे वळून बघितलं तर लिऊ नाही, आणि तो केली नावाचा एक पोरगा होता, शेवटचा, तोही नाही. नंतर रेस्क्यूवाल्यांनी दोघांना काढलं. केली ठीक आहे, फुटबॉल खेळतो. लिऊची फुप्फुसं गेली. आहे, जिवंत आहे, पण नळी लावून. बायको घेऊन गेली त्याला परत शुझोऊला.

आता गंमत ऐक — गंमत कसली. लिऊच्या बायकोने मला फोन केला. लिऊ सांगतो, हात मी स्वतः काढला. केली मागे पडला म्हणून वळलो. विश्रामने मला सोडलं नाही, मी त्याला सोडलं, त्याला सांगा. मी सांगितलं. विश्राम म्हणाला, माझ्यासाठी बोलतोय तो, मला बरं वाटावं म्हणून. संपलं.

आणि मग ग्वो सरांचा फोन. म्हातारे झालेत, रिटायर होतायत. म्हणाले, ये, तो बोगदा तू शिकवायला घे. लिऊ रोज येऊन बसतो इथे, तोही सांगतोय. विश्राम गॅरेजमध्ये जाऊन बोलला, स्पीकरवर, चिनीत, मला काय कळणार म्हणून. मी दाराच्या अलीकडे, हातात लाँड्री. तो म्हणाला, सर, मी पोरांना काय सांगू? हात गेला तरी चालत राहा, असं सांगू? मी नाही सांगू शकत. आणि आमचा हा रडत होता. वडील गेले तेव्हासुद्धा रडला नव्हता.

मला? मला विचारतेस जायचंय का? वेडी आहेस का, घराचं लोन, रुद्रची शाळा, हे माझं पार्लर — आत्ता कुठे जम बसलाय... जाईन. उद्या म्हटलं तर उद्या जाईन. तिथे तो कुणाच्या तरी पुढे चालेल तरी. इथे नुसता पाण्याकडे बघतो. पाण्याकडे असं बघणं बरं नाही गं. म्हणून तर मी —

काही नाही. डोळे मीट.

म्हणून मी जाते तिथे. झालं समाधान? दिवसाच्या अपॉइंटमेंट्स घेत नाही म्हणून सगळ्या रागावल्यात माझ्यावर — रुद्रला सोडलं की मी हार्बरच्या पार्किंगमध्ये, फिश मार्केटच्या बाजूला गाडी लावून बसते. तो बाकावर, मी गाडीत. काही करत नाही, नुसती बघते. तो उठला की त्याच्या आधी मी घरी. रोज. आज पहिल्यांदा गेले नाही, तुझ्या दिराचा साखरपुडा, तू एवढी गळ घातलीस म्हणून. म्हटलं एक दिवस, एका दिवसाने काय —

थांब. गाडी आली का?

विश्रामचीच आहे. पण तो चारच्या आधी येत नाही. कधीच येत नाही. गाडी बंद केली — ऐकलंस? — पण दार वाजलं नाही. बसलाय आत. मिताली... त्याला माहीत असेल? मी मागे असते ते? बाकावरून दिसत असेल का गं माझी गाडी? आणि आज दिसली नाही म्हणून —

ऊठ. ऊठ तू. माहितीये, एकच भुवई झालीये, पेन्सिल फिरव दुसरीवर, काही कळत नाही लांबून. पैसे राहू देत. मागच्या दाराने जा — पुढून नको, तुला बघितलं तर तो उतरणार नाही. जा गं.