देशमान्यांची रोज चालणारी मशीन

वापरलेल्या मशीनचं म्हणाल, तर आमच्या देशमान्यांचा किस्सा ऐका. मला आणि माझ्या पार्टनरला, सलीमला, पिंपरीच्या शेडसाठी सीएनसी मिलिंग मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारी मशीन, हवी होती. तेव्हा असली मशीन नुसती बघायला मिळणंही मुश्कील. तळेगावच्या देशमान्यांकडे एक आहे असं कळलं आणि आम्ही स्कूटरवरून गेलो. ऑर्डर हातात होती. मशीन फसवी निघाली असती तर आम्ही बुडालोच असतो.

"रोज चालते," देशमाने म्हणाले. "काल संध्याकाळीच जॉब काढला."

सलीमने पॅनेल उघडून वायरी तपासून नीट बसवल्या आणि मेन स्विच टाकला. पडद्यावर आकडे उमटले. त्याने बटण दाबलं, तसं टेबल अलगद सरकलं.

देशमाने जागच्या जागी उडाले आणि शेडमागच्या घराकडे बघून ओरडले, "अगं सुमन, चालू झाली! चालू झाली गं!"

वहिनी ओल्या हातांनी धावत आल्या. "काय सांगता! दिवाळीपासून बंद होती ना?"

देशमाने ओशाळले. मग मात्र त्यांनी मशीनची एकेक खोड न विचारता सांगून टाकली.

मी सलीमला बाजूला घेतलं. "निघू या का?"

"छे! घेऊ या, राव," सलीम म्हणाला. "एकच खोटं बोलले, तेही धड जमलं नाही त्यांना."