तिघांनी ऐकायचं

अर्धापूरला कीर्तन होतं, म्हणून गोदावरीबाई टाळांची पिशवी घेऊन नांदेडच्या स्टँडवर गाडीत लवकरच येऊन बसल्या होत्या. पुढच्या बाकावर भार्गवी नावाची मुलगी होती आणि खिडकीखाली तिच्या ऑफिसातला राघवेंद्र उभा होता; त्यांचाच अनय थोडा मागं मोटारसायकलवर थांबला होता. कोचिंग क्लासचे मार्क पालकांना कळवणारं ॲप ही मंडळी बनवत होती.

"तू जाऊन ये अन् आम्हाला सांग, नेहमीसारखं."

"नेहमी सांगते. नेहमी तू म्हणतोस, एका बाईच्या बोलण्यावर ॲप बदलायचं का?"

"सोमवारी नवीन भाग द्यायचाय. मार्क लागले की लगेच घरी मेसेज. क्लासच्या सरांना तेच पाहिजे."

"होस्टेलवर पोरींकडं फोन नसतो, राघव. बाप रागवायला येतो तेव्हा त्यांना मार्क कळतात. एकीनं तर घरी जाणंच सोडलंय."

"हे तू ऐकलंस."

"तेच म्हणून राहिले. मी एकटीनंच ऐकलं. आज अर्धापुरात तिच्या आईकडं तिघांनी जायचं."

"मी काय विचारू तिला?"

"काहीच नाही. विचारीन मी, लिहून घेईल अनय. तू गप बसून ऐकायचं."

"एवढ्यासाठी नेऊन राहिलीस?"

"हाव. तुला तेवढंच जमत नाही. अन् तू आला नाहीस, तर सोमवारच्या कामाला मी हात लावणार नाही."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. राघवेंद्रनं मागं वळून हाक मारली.

"अनय, मोटारसायकल लाव तिकडं. चढ वर."

गोदावरीबाईंनी पिशवी मांडीवर घेऊन राघवेंद्रला जागा दिली.

"कुठं निघालात, मावशी?"

"ऐकायला, बाबा. तुम्ही?"

त्यानं भार्गवीकडं पाहिलं.

"आम्हीबी."